फोन तोच, पण दादरला आल्यावर ‘जवळचं’ का बदलतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भावाने अमेरिकेत वापरलेला आयफोन तुम्हाला दिला. तिकडे तो फोनला जवळचं इटालियन हॉटेल विचारायचा, तेव्हा तारे, रिव्ह्यू, आत्ता उघडं आहे की बंद, टेबल बुक करायचं बटण, सगळं एका झटक्यात समोर यायचं. दादरला आल्यावर तोच फोन यातलं निम्मं दाखवत नाही. कधी पुलापलीकडचं दुकान ‘जवळचं’ म्हणून पुढे करतो. आईने मराठीत काही विचारलं तर भलतंच काढून देतो. मग फोनच्या सेटिंगमधला देश, म्हणजे रिजन, अमेरिका ठेवावा, की हा फोन विकून इथला घ्यावा?

विकू नका. रिजन बदलूनही हाती फार काही लागणार नाही. एक सेटिंग मात्र नक्की बदलायला हवं, ते पुढे सांगतो.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल. मुंबईतली छोटी दुकानं, दवाखाने, खानावळी यांच्या नकाशावरच्या नोंदी मी सांभाळतो. तुम्ही ‘जवळचं’ विचारता तेव्हा जी यादी येते, तिच्या पलीकडच्या टोकाला माझं काम. त्यामुळे फोनच्या आतलं मला मोजकंच कळतं, पण यादीत एखादं दुकान का येतं आणि शेजारचं का येत नाही याची कटकट माझी रोजची आहे.

तुमचा समज असा दिसतो की ‘जवळचं शोधणं’ ही फोनची करामत आहे, कॅमेऱ्यासारखी. फोनबरोबर ती विमानात बसून मुंबईला यायला हवी होती. तसं ते नाही. फोन तुमचं बोलणं ऐकतो, तुम्ही कुठे उभे आहात ते पाहतो आणि प्रश्न पुढे पाठवतो. उत्तर त्या त्या देशात कुणीतरी गोळा केलेल्या याद्यांमधून तयार होतं. याद्या वेगळ्या, त्या वापरायचे करार वेगळे, नकाशाचे कायदे वेगळे, म्हणून उत्तरही वेगळं.

तुमची तक्रार सिरीइतकीच, म्हणजे आयफोनमधल्या बोलून उत्तर देणाऱ्या मदतनिसाइतकीच जुनी आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोन ४ एस बरोबर सिरी आली, तेव्हा दुकानं आणि हॉटेलं शोधून देण्याचं काम ती फक्त अमेरिकेत करायची. लंडनमध्ये हाच फोन घेतलेल्या माणसाला ती सरळ सांगायची की हे मला इथे जमत नाही. कारण सोपं होतं: धंद्यांची माहिती आणि रिव्ह्यू येल्प या अमेरिकन संकेतस्थळाकडून यायचे आणि ती जोडणी अमेरिकेपुरती होती. सप्टेंबर २०१२ मध्ये आयओएस ६ ही आयफोनची नवी प्रणाली आली, तेव्हा ही सोय इतर काही देशांत पोचली. त्याच वेळी ॲपलने गूगलचे नकाशे काढून स्वतःचे आणले आणि ते इतके चुकीचे निघाले की टिम कुकना काही दिवसांतच जाहीर माफी मागावी लागली. यादी चांगली नसेल तर उत्तम फोनही काही करू शकत नाही, हे तेव्हा सगळ्या जगाने पाहिलं.

येल्प भारतात कधी आलंच नाही. आपल्याकडे ते काम दुसऱ्यांनी केलं. जस्टडायल १९९६ मध्ये सुरू झालं ते मुंबईतच. नंबर फिरवायचा, प्लंबर हवाय म्हणायचं, पलीकडची मुलगी दोन-तीन नंबर सांगायची. पुढे २००८ मध्ये फूडीबे निघालं, त्याचंच झोमॅटो झालं. म्हणजे माहिती आपल्याकडेही गोळा झाली, पण ती ज्याच्या त्याच्या ॲपमध्ये राहिली. तुमच्या फोनच्या नकाशात ‘टेबल बुक करा’ हे बटण यायचं तर बुकिंगवाल्या कंपनीने आणि नकाशावाल्या कंपनीने त्या देशापुरता करार केलेला असावा लागतो, आणि शिवाय त्या हॉटेलने बुकिंगवाल्याकडे नाव नोंदवलेलं असावं लागतं. शिवाजी पार्कच्या आसपास जी हॉटेलं बाहेर वहीत नाव लिहून घेऊन हाका मारतात, त्यांच्यासाठी ते बटण येणार कुठून?

कायद्याचा भाग लोक विसरतात. चीनमध्ये नकाशे सरकारने ठरवलेल्या वेगळ्या मोजमापात काढावे लागतात, म्हणून ॲपलसुद्धा तिथे ऑटोनॅव्ही या चिनी कंपनीचा नकाशा वापरतं. दक्षिण कोरियात बारकाव्याचा नकाशा देशाबाहेर न्यायला वर्षानुवर्षं बंदी राहिली, त्यामुळे इतकं पुढारलेलं सोल शहर, पण गूगल मॅप्सवर गाडीचा रस्ता मिळेना. लोक नेव्हर नाहीतर काकाओ या तिथल्याच कंपन्यांचा नकाशा वापरत आले. युरोपात तर सोय होती ती गेली. तिथल्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ पासून गूगलच्या शोधात दिसणाऱ्या छोट्या नकाशावर टिचकी मारली तरी गूगल मॅप्स उघडेनासं झालं. तुमचा भाऊ उद्या बर्लिनला गेला तर तोही हीच तक्रार करेल.

आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे स्ट्रीट व्ह्यू, रस्त्यावर उभं राहून दिसेल तसं चित्र दाखवणारी गूगल मॅप्सची सोय. २०११ मध्ये बंगळुरूत गूगलच्या गाड्या फिरू लागल्या आणि पोलिसांनी ते काम थांबवलं. नंतर केंद्र सरकारनेही नाही म्हटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांचे नियम सैल झाले, भारतीय कंपन्यांना असं चित्रण करायला वाट मिळाली, आणि जुलै २०२२ मध्ये जेनेसिस आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांच्या मदतीने दहा शहरांत ते सुरू झालं. त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं. मधली दहा-अकरा वर्षं दुकानाची पाटी रस्त्यावरून कशी दिसते हे भावाला घरबसल्या दिसत होतं आणि आपल्याला नव्हतं. याचा माझ्या कामावर थेट परिणाम होतो. रस्त्यावरचं चित्र असलं की नकाशावरची जागेची खूण, म्हणजे पिन, चुकीच्या दारावर बसली आहे हे बसल्या जागी कळतं. नसेल तर चप्पल घालून जावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे आपण कायम मागेच. तसंही नाही. दुचाकीचा रस्ता वेगळा दाखवणं गूगल मॅप्सने डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदा भारतात आणलं. तुमच्या भावाकडे तेव्हा ते नव्हतं, त्याला गरजही नव्हती. २०१८ मध्ये गूगलने ‘नेबरली’ नावाचं ॲप काढलं: परिसरात चांगला शिकवणीवाला कोण, पावसात कुठला रस्ता टाळावा, असं शेजाऱ्यांना विचारायचं. ते सुरू झालं मुंबईत, आणि २०२० मध्ये बंदही झालं. बंद होण्याचं मला नवल वाटलं नाही. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप असताना वेगळं ॲप कोण उघडणार?

एका देशातही सगळीकडे सारखं नसतं. जुलै २०२४ मध्ये गूगलने चारचाकीवाल्यांना अरुंद गल्ल्या टाळून रस्ता दाखवण्याची सोय आठ शहरांत सुरू केली. इंदूर, भोपाळ, गुवाहाटी त्यात होती, मुंबई नव्हती. माहीमच्या किंवा भुलेश्वरच्या गल्लीत गाडी घातलेल्या माणसाला विचारा हा विनोद कसा वाटतो. अमेरिकेतही तसंच. हॉटेलला स्वतः फोन करून टेबल राखून ठेवणारं गूगलचं डुप्लेक्स २०२१ पर्यंत ४९ राज्यांत पोचलं आणि लुइझियाना तेवढं राहिलं. तेव्हा ‘अमेरिकेत मिळतं’ हे वाक्यही अर्धवटच.

रिजनचं काय ते आता बघू. फोनच्या सेटिंगमधला रिजन मुख्यतः तारखा, तापमान, मैल-किलोमीटर असल्या गोष्टी ठरवतो आणि ॲपलची काही ॲप्स त्यावरून दिसतात किंवा लपतात. तुम्ही दादरमध्ये उभे आहात हे त्याने लपत नाही. गूगलने तर ऑक्टोबर २०१७ पासून स्पष्टच केलं की पत्त्यात डॉट कॉम लिहा नाहीतर डॉट को डॉट इन, उत्तर तुम्ही जिथे आहात त्या देशाचं येईल. ॲप स्टोअरच्या खात्याचा देश ही आणखी तिसरीच गोष्ट. तो बदलायला चालू वर्गणी रद्द कराव्या लागतात, खात्यातली शिल्लक संपवावी लागते. प्ले स्टोअरवर तर वर्षातून एकदाच बदलता येतो. शोधासाठी म्हणून या भानगडीत पडू नका. इथल्या बँकेचं एखादं ॲप तुमच्या खात्यात मिळत नसेल तरच तो विचार करा. कुठली सोय कुठल्या देशात आहे याची यादी ॲपलच्या संकेतस्थळावर ‘फीचर अव्हेलेबिलिटी’ या पानावर आहे. फोनला दोष देण्याआधी ती बघावी.

जाता जाता: अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनना सिमची खाचच नसते, सगळं ई-सिम. अमेरिकन फोनमध्ये खरोखर वेगळं असलेलं ते आहे, आणि त्याचा शोधाशी काही संबंध नाही.

बदलायचं सेटिंग म्हणजे सिरीची भाषा. भावाच्या फोनवर ती अमेरिकन इंग्रजी असणार. तिला तुम्ही ‘प्रभादेवी’, ‘हिंदमाता’, ‘गोखले रोड’ म्हणालात की ती ओळखीचे अमेरिकन शब्द शोधत बसते आणि चुकीच्या नावाचं चुकीचं उत्तर आणते. ते बदलून भारतीय इंग्रजी करा. २०२३ च्या आयओएस १७ पासून त्यात मराठी मिसळून बोलायचा पर्याय आहे, तो घ्या. नुसत्या मराठीत सिरी अजून चालत नाही, त्यामुळे आईसाठी गूगलचं ॲप जास्त बरं. गूगल असिस्टंट २०१८ मध्येच मराठी ऐकू लागलं, आणि जानेवारी २०२१ पासून गूगल मॅप्स इंग्रजीत नोंदवलेली नावं मराठीसह दहा भारतीय भाषांच्या लिपीत आपोआप उतरवतं. ‘आपोआप’ हा शब्द लक्षात ठेवा. मुद्दाम स्पेलिंग फिरवून ठेवलेलं नाव असलं की ते देवनागरीत काहीच्या बाही उमटतं, आणि आई ते नाव जसं म्हणते तसं जुळत नाही.

आता तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा: पुलापलीकडचं दुकान. इथे अमेरिका-भारत फरक संपतो आणि मुंबईची गोष्ट सुरू होते.

गूगल स्वतः सांगतं की स्थानिक उत्तरं तीन गोष्टींवर लागतात: विचारलं त्याच्याशी नोंद किती जुळते, अंतर किती आहे, आणि ते ठिकाण किती नावाजलेलं आहे. म्हणजे यादीत वर आलेलं सगळ्यात जवळचं असेलच असं नाही. रानडे रोडवरचं ५० वर्षांचं चष्म्याचं दुकान, ज्याला मोजून सहा रिव्ह्यू आहेत, ते पूर्वेच्या साखळी दुकानाच्या शेकडो रिव्ह्यूंपुढे खाली जातं. त्यात अंतराचा हिशोब. माझा अनुभव असा की यादी लावताना अंतर सरळ रेषेत धरल्यासारखंच उत्तर येतं. सपाट, चौकोनी रस्त्यांच्या शहरात ते खपून जातं. आपल्याकडे मधून रेल्वे जाते. नकाशावर हाताच्या अंतरावर दिसणारं दुकान म्हणजे प्रत्यक्षात जिना चढा, संध्याकाळच्या गर्दीतून पूल ओलांडा, फूलबाजारातून वाट काढा. म्हणून दादर, घाटकोपर, मुलुंड अशा ठिकाणी शोधताना नुसतं ‘जवळचं’ म्हणू नका, ‘दादर पश्चिम’ म्हणा. पिनकोड माहीत असेल तर आणखी चांगलं: पूर्वेचा ४०००१४, पश्चिमेचा ४०००२८.

यात दुकानदारांचाही हात असतो. माझ्याकडे एक दवाखाना आला. स्टेशनच्या पूर्वेला, खोदादाद सर्कलच्या बाजूला. पत्त्यात फक्त ‘दादर स्टेशनजवळ’ लिहिलं होतं, पिन बसली होती पश्चिमेला. गुडघेदुखीचे पेशंट आधी पश्चिमेला उतरायचे, छबिलदासच्या गल्लीत विचारत फिरायचे, मग पुन्हा पूल. पिन उचलून खऱ्या दारावर ठेवली, पत्त्यात पूर्व आणि पिनकोड घातला, पाटीचा फोटो लावला. बस, एवढंच काम. फोन अमेरिकेचा असो की चीनचा, त्या पेशंटना आधी चुकीचंच उत्तर मिळत होतं.

दुसरं उदाहरण लालबागच्या एका पोळी-भाजी केंद्राचं. चालवणाऱ्या ताईंची नोंद कुणीतरी पैसे घेऊन करून दिली होती. प्रकार ‘रेस्टॉरंट’, वेळ ‘२४ तास’, आणि नावात ‘बेस्ट टिफिन सर्व्हिस लालबाग परळ’ असं शेपूट. परिणाम असा की दुपारी ऑफिसातला माणूस जेवण शोधायचा तेव्हा गिरण्यांच्या जागी झालेल्या मॉलमधली मोठी हॉटेलं वर यायची, आणि रात्री साडेबाराला कुणीतरी ताईंना बिर्याणी आहे का विचारायचं. आम्ही प्रकार बदलून पार्सलचा केला, वेळ दुपारची आणि संध्याकाळची वेगवेगळी घातली, नाव पाटीवर आहे तेवढंच ठेवलं. नावात असे शब्द कोंबणं नियमात बसत नाही आणि त्यापायी नोंद बंद होऊ शकते. त्यानंतर दुपारी फोन येऊ लागले, रात्रीचे थांबले.

वेळेचा मुद्दा मुंबईत फार नडतो. जुनी दुकानं दुपारी झडपा ओढतात, दादरच्या बऱ्याच दुकानांची सुट्टी सोमवारी, गणपतीत विसर्जनाच्या दिवशी रस्ताच बंद. नोंदीत दिवसाचे दोन भाग करता येतात, सणाचे वेगळे तास घालता येतात. पण मालक एकदा ‘सकाळी १० ते रात्री ९’ लिहून मोकळा होतो. तुमच्या भावाला तिकडे ‘आत्ता उघडं आहे’ हे खरं वाटायचं, कारण तिथला दुकानदार ते भरतो. चुकलं तर गिऱ्हाईक एक तारा देऊन जातं. इथे आपण दुकानात फोन करून ‘उघडं आहे ना?’ विचारतो. मीही विचारतो.

पाट्यांनीही थोडा गोंधळ वाढवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या व्यापाऱ्यांना मराठी पाट्या लावायला दोन महिने दिले. पाट्या बदलल्या, ते चांगलंच झालं, पण नकाशावरच्या नोंदी आणि फोटो जुनेच राहिले. आता नोंद पक्की करायला बहुतेकदा दुकानाचा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतला गल्ला. पाटीवर एक आणि नोंदीत दुसरं असलं की घोडं अडतं.

तर तुमच्यापुरतं सांगायचं तर असं. टेबल बुक करायचं असेल तर फोनच्या नकाशात बटण शोधत बसू नका, इथलं बुकिंगचं ॲप टाका. लोकलसाठी एम-इंडिकेटर, बेस्टच्या बसला चलो. दुकानं आणि दवाखान्यांसाठी मुंबईत आजतरी मी ॲपलच्या नकाशापेक्षा गूगल मॅप्स उघडतो, कारण दुकानदार नोंद भरतो ती तिथे. ॲपलने २०२३ मध्ये दुकानदारांसाठी तशीच सोय आणली, पण माझ्या गिऱ्हाइकांपैकी फार थोडे ती आपणहून मागतात. भाव कमी करून घ्यायला मात्र सगळे मागतात, असो.

आणि चुकलेली पिन दिसली तर तिथेच ‘बदल सुचवा’ वर जाऊन ती योग्य दारावर सरकवा, पाटीचा फोटो जोडा. मालकच असायला हवं असं नाही. लगेच बदलेल याची खात्री नाही. फोटोत पाटी आणि शेजारचं दुकान दोन्ही दिसत असतील तर लवकर मान्य होतं असा माझा अनुभव आहे.

सिरीची भाषा बदलून दोन-चार दिवस वापरून बघा. तरीही भलतं उत्तर आलं तर नेमकं काय विचारलंत, कुठल्या भाषेत आणि कुठल्या ॲपमध्ये, ते इथे लिहा. तेव्हा पूर्वेला होतात की पश्चिमेला, तेही लिहा, नाहीतर मी पुन्हा तेच विचारणार.